रंग बाजूला ठेवा, ओरखडा काढून बघा

पुण्याच्या आसपासच्या दगडखाणीत काळा कातळ फोडताना कधी कधी आत पोकळी निघते आणि पोकळीभर पांढरे, पारदर्शक, चमचमते स्फटिक दिसतात. बघणाऱ्यांपैकी एक जण म्हणतो गारगोटी, दुसरा म्हणतो झिओलाइट. तिसरा फोनवर फोटो काढून ॲपला विचारतो आणि ॲप ठामपणे चौथंच नाव सांगतं. त्या पोकळीत क्वॉर्ट्झ (म्हणजेच गारगोटी), कॅल्साइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट (ही तिन्ही झिओलाइट गटातली), ॲपोफिलाइट यांपैकी काहीही असू शकतं. बरेचदा दोन-तीन एकत्रच असतात. सगळी पांढरी किंवा रंगहीन आणि फोटोत जवळपास सारखीच.

यातलं काचेवर ओरखडा कोण काढतं, चाकूने कोणावर ओरखडा निघतो, फुटताना सपाट कोण फुटतं, हाताला हलकं कोण लागतं, हे मात्र फोटोत येत नाही. खनिज ओळखायचं ते अशा गुणांवरून. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पोलादी चाकू, तांब्याच्या वायरचा तुकडा, काचेचा तुकडा, चुंबक, भिंग, बिनझिलईची पांढरी फरशी आणि थोडं व्हिनेगर एवढ्यावर नेहमीच्या खनिजांपैकी बहुतेकांचा निकाल लागतो.

आधी एक घोळ निस्तरू. खडक आणि खनिज एक नव्हे. खनिजाची रासायनिक घटना ठरलेली असते आणि त्यातल्या अणूंची मांडणीही ठरलेली असते. खडक म्हणजे बहुधा अनेक खनिजांचं मिश्रण. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा जवळून बघा. करड्या काचेसारखे दाणे क्वॉर्ट्झचे, गुलाबी किंवा पांढरे सपाट चमकणारे दाणे फेल्स्पारचे, काळे पापुद्रे काळ्या अभ्रकाचे. (ओट्याचा दगड सगळा काळाकुट्ट असेल, तर दुकानदार काहीही म्हणो, तो बहुधा ग्रॅनाइट नसतो.) ज्या कसोट्या पुढे येतील त्या एका खनिजाच्या एका तुकड्यासाठी आहेत. मिश्र दगडावर त्या लावल्या तर उत्तरंही मिश्रच येतील.

रंगाचं काय करायचं

रंग डोळ्यांत पहिल्यांदा भरतो आणि सगळ्यात जास्त फसवतोही तोच. शुद्ध क्वॉर्ट्झ रंगहीन असतं. त्यात किंचित लोह शिरलं आणि आजूबाजूच्या खडकातल्या किरणोत्साराचा परिणाम झाला की ते जांभळं होतं, मग त्याला ॲमेथिस्ट म्हणतात. खनिज तेच, काठिण्य तेच, फुटण्याची तऱ्हा तीच. पुण्याच्या पाषाण भागातल्या खाणींतून निघालेलं हिरवं ॲपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांत नावाजलेलं आहे. तो हिरवा रंग व्हॅनेडियम या धातूच्या अगदी थोड्या अंशामुळे आला. व्हॅनेडियम नसतं तर तेच ॲपोफिलाइट पांढरं राहिलं असतं.

उलट उदाहरणही पुण्याजवळचंच आहे. वाघोलीच्या खाणींतून मिळणारं कॅव्हनसाइट गडद निळं असतं, आणि या निळ्यावर बऱ्यापैकी विसंबता येतं. कारण इथे व्हॅनेडियम उपरा नाही, तो खनिजाच्या मूळ घटनेतच आहे. थोडक्यात, रंग घटनेतूनच आला असेल तर कामाचा, अशुद्धीतून आला असेल तर शोभेचा. हातातल्या दगडात यातलं काय आहे हे आधी कळत नाही, म्हणून रंगाची साक्ष शेवटी काढायची.

ओरखडा

पहिली कसोटी काठिण्याची, आणि मला विचाराल तर अर्धं काम तीच करते. काठिण्य म्हणजे ओरखडा न पडू देण्याची ताकद. हातोड्याने फुटणं ही वेगळी गोष्ट. हिरा ओरखडत नाही, पण घणाखाली फुटतो.

फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 1812 मध्ये दहा खनिजं मऊपासून कठीणपर्यंत ओळीने मांडली: संगजिरे 1, जिप्सम 2, कॅल्साइट 3, फ्लुओराइट 4, ॲपेटाइट 5, ऑर्थोक्लेज फेल्स्पार 6, क्वॉर्ट्झ 7, टोपाझ (पुष्कराज) 8, कोरंडम (माणिक आणि नीलम याचेच प्रकार) 9, हिरा 10. वरच्या क्रमांकाचं खनिज खालच्याला ओरखडतं, एवढाच याचा अर्थ. हे आकडे मोजमाप नाहीत, नुसते क्रमांक आहेत. 9 आणि 10 मधलं खरं अंतर 1 ते 9 या सगळ्या अंतरापेक्षा मोठं आहे.

आपल्याकडच्या वस्तू या ओळीत बसवल्या की झालं. नख अडीचच्या आसपास, तांब्याची वायर 3, पोलादी चाकू आणि काच साधारण साडेपाच. जुन्या पुस्तकांत तांब्याचं नाणं वापरा असं लिहिलेलं असतं. आज खिशातलं एक-दोन रुपयांचं नाणं स्टेनलेस स्टीलचं आहे, ते तांब्याच्या जागी चालवलंत तर सगळा हिशोब बिघडेल. वायरचा तुकडाच बरा.

ओरखडा काढण्यात तीन खोड्या आहेत. पहिली: रेघ दिसली की ओलं बोट फिरवून पुसा. पुसली गेली तर तो ओरखडा नव्हता, मऊ वस्तूची भुकटी वर बसली होती. खरा ओरखडा नखाला जाणवतो. दुसरी: क्वॉर्ट्झवर चाकू ओढला की करडी, चकचकीत रेघ उमटते आणि नवशिक्या म्हणतो "ओरखडला!" प्रत्यक्षात झिजलेला असतो चाकू, रेघ त्याच्या धातूची असते. म्हणून कसोटी नेहमी दोन्ही बाजूंनी करायची: आधी चाकूने दगडावर, मग दगडाच्या टोकाने काचेवर. तिसरी खोडी सुयांच्या झुबक्यांची. स्कोलेसाइटचं काठिण्य पाचच्या पुढे आहे, पण त्याच्या बारीक सुया चाकू लावताच मोडतात आणि खनिज मऊ वाटतं. झुबका मोडणं आणि सुईवर ओरखडा पडणं वेगळं. हवा-पावसाने कुजलेल्या पृष्ठभागाचंही तेच, म्हणून ताजी फुटलेली बाजू शोधायची.

आता पोकळीतल्या पांढऱ्या मंडळींकडे वळू. काच खरकन ओरखडली गेली आणि चाकू दगडावर चालला नाही, तर ते क्वॉर्ट्झ. इथे बाकी फारसे उमेदवार उरत नाहीत. चाकूने सहज खोल रेघ पडली तर कॅल्साइट, स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट. चाकू जोर लावल्यावरच चालला तर ॲपोफिलाइट किंवा स्कोलेसाइट. एका ओरखड्यात सहाचे तीन गट पडले.

फुटतं कसं

काही खनिजं ठरावीक दिशेने सपाट फुटतात, याला पाटन म्हणतात. अणूंच्या मांडणीत जिथे बंध कमजोर असतात तिथे ती उलगडतात. अभ्रकाला एकच दिशा आहे, म्हणून त्याचे पापुद्रे सुटतात. मिठाच्या खड्याला तीन दिशा, तिन्ही एकमेकींशी काटकोनात, म्हणून खडा फोडला तरी बारीक चौकोनी ठोकळेच मिळतात. भिंगाखाली जाडं मीठ धरा, पाटन म्हणजे काय ते पुन्हा विचारावं लागणार नाही. कॅल्साइटलाही तीन दिशा आहेत, पण त्या तिरप्या: कोन साधारण 75 आणि 105 अंशांचे. कॅल्साइटचा स्फटिक बाहेरून टोकदार असो, चपटा असो की बेढब, फुटला की तिरक्या ठोकळ्यांतच फुटतो. तो ठोकळा स्वच्छ असेल तर छापील ओळीवर ठेवा, अक्षरं दुहेरी दिसतील.

क्वॉर्ट्झला असं सपाट पाटन नाही. जाड बाटलीची काच फुटते तसा त्याचा तुकडा वक्र, लाटा उमटलेला निघतो.

इथे नवशिके हमखास अडखळतात ते स्फटिकाची नैसर्गिक बाजू आणि पाटनाची बाजू यांत. दोन्ही सपाट, दोन्ही चकचकीत. फरक असा की नैसर्गिक बाजू वाढताना तयार झालेली असते आणि एकदाच असते. आत फोडलं तर ती पुन्हा मिळत नाही. पाटनाची बाजू पायऱ्यापायऱ्यांनी, एकाला एक समांतर, आतपर्यंत मिळत राहते. दगड उजेडात हळूहळू फिरवा. अनेक छोट्या पायऱ्या एकाच क्षणी लकाकल्या तर ते पाटन.

पोकळीचा उलगडा

महाराष्ट्राचा मोठा भाग व्यापणारा काळा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हांचा आहे. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या कोमट-गरम पाण्याने विरघळून आणलेला माल या पोकळ्यांत स्फटिकरूपाने बसवला. स्फटिक मोकळ्या जागेत वाढले म्हणून त्यांना पूर्ण आकार मिळाला, आणि म्हणूनच पुणे, नाशिक, जळगाव इथले नमुने जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसले. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय तर याच खनिजांचं आहे. शिकायचं असेल तर आधी तिथे जाऊन नावासह आकार बघून घेण्यासारखं दुसरं काही नाही.

आकार इथे खूप मदत करतो. क्वॉर्ट्झचा स्फटिक षट्कोनी, बाजूंवर आडव्या बारीक रेघा. ॲपोफिलाइट चौकोनी, बाजूंवर उभ्या रेघा. या आडव्या-उभ्या रेघा भिंगाखाली इतक्या स्पष्ट दिसतात की बऱ्याचदा ओरखडा काढायचीही वेळ येत नाही. ॲपोफिलाइटचा आणखी एक पुरावा म्हणजे चकाकी: उभ्या बाजू काचेसारख्या चमकतात आणि वरचा सपाट माथा मोत्यासारखा, कारण पाटन त्या माथ्याला समांतर आहे. स्टिल्बाइटचे स्फटिक मध्ये आवळलेल्या आणि दोन्ही टोकांना पसरलेल्या पेंढीसारखे, पांढरे किंवा फिकट गुलाबी-पिवळसर. ह्यूलँडाइट जाडसर वड्यांच्या आकाराचं, मध्ये रुंद, टोकाला निमुळतं. या दोघांनाही एका दिशेने उत्तम पाटन आणि त्या बाजूला मोत्याची झाक. स्कोलेसाइट सुयांचं, एका बिंदूपासून चहूकडे फाकलेलं.

तरी कॅल्साइटची शंका उरली, कारण ते हवा तो आकार घेतं, तर आम्ल. तुटलेल्या चिमूटभर कणांची भुकटी करून त्यावर व्हिनेगर टाका आणि भिंगातून बघा. कॅल्साइट असेल तर बारीक बुडबुडे सुटतात. झिओलाइट, ॲपोफिलाइट, क्वॉर्ट्झ ढिम्म राहतात. लिंबाच्या रसानेही जमतं, जरा धीर धरावा लागतो. (संगमरवरी ओट्यावर लिंबू कापल्यावर डाग पडतो आणि ग्रॅनाइटवर पडत नाही तो याचमुळे. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्साइट.) दुकानात मिळणारं तीव्र ॲसिड यासाठी आणू नका, गरज नाही. आणि नमुना छान असेल तर त्याच्यावर काहीच टाकू नका, खाली पडलेल्या चुऱ्यावर प्रयोग करा.

झिओलाइट ओळखण्याची सर्वांत जुनी कसोटी तापवण्याची. स्वीडनच्या आक्सेल क्रोनस्टेटने 1756 मध्ये एक खनिज तापवलं, तेव्हा ते फुगलं आणि उकळल्यासारखं दिसू लागलं, कारण त्याच्या सच्छिद्र रचनेत पाणी भरलेलं होतं. झिओलाइट हे नावही त्यानेच दिलं. घरी गॅसवर हा प्रयोग करू नका, तुकडा फुटून उडतो.

वजन, तराजूवर

हातात घेऊन "जड आहे" किंवा "हलकं आहे" म्हणण्याला मर्यादा आहे, पण स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर आकडाच काढता येतो. दगड कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा, दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. 106 ग्रॅमचा दगड, पाण्यात आकडा 40, म्हणजे विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या किती पट जड) 2.65. हे झालं क्वॉर्ट्झचं. कॅल्साइटचं 2.71, म्हणजे हा काटा त्या दोघांना वेगळं करू शकणार नाही. पण स्टिल्बाइट 2.2 च्या आसपास आणि ॲपोफिलाइट 2.3 ते 2.4, ते लगेच वेगळं पडतं. लहान तुकड्यावर हे करू नका, काट्याच्या चुकीतच उत्तर बुडेल. आणि पांढरा दगड साडेचारच्या घरात गेला तर तो बहुधा बॅराइट. आंध्र प्रदेशातल्या मंगमपेटला त्याचा मोठा साठा आहे.

भुकटीचा रंग

धातूची खनिजं आली की खेळ बदलतो. ढेकळाचा रंग फसवतो, पण भुकटीचा रंग सहसा फसवत नाही. बिनझिलईच्या पांढऱ्या फरशीवर दगड घासायचा आणि उमटलेली रेघ बघायची. हिला कस म्हणतात. फरशी नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड चालते.

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यांत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. हेमाटाइट या लोहखनिजाचं ढेकूळ पोलादी करडं, कधी काळपट दिसतं, पण ट्रकमागे उडणारी धूळ लाल असते आणि पावसाळ्यात ओहोळ लाल वाहतात. कस तोच: ढेकूळ कितीही काळं असो, रेघ लालसर तपकिरी. रेघ पिवळट तपकिरी आली तर ते गोएथाइट किंवा लिमोनाइट. रेघ काळी आणि चुंबक खेचला गेला तर मॅग्नेटाइट.

रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवर, मिऱ्या आणि काळबादेवीकडे, वाळूत काळे पट्टे दिसतात. कोरड्या वाळूतून पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवा. जे टुणकन चिकटतं ते मॅग्नेटाइट. जे काळंच आहे पण साध्या चुंबकाला दाद देत नाही त्यात मुख्यतः इल्मेनाइट, म्हणजे टायटॅनियमचं खनिज.

नागपूर-भंडारा पट्ट्यात काळ्या दगडाचा अर्थ आणखी वेगळा. तिथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं मॅंगनीज डायऑक्साइड बॅटरीसाठी वापरलं जातं. मॅंगनीजच्या खनिजांपैकी पायरोलुसाइट हाताळलं की बोटं काळी होतात, सायलोमिलेन कठीण असतं आणि बोटं काळी करत नाही. दोन्हींची रेघ काळी किंवा तपकिरी-काळी, हेमाटाइटसारखी लाल कधीच नाही.

एक सावधगिरी: फरशीचं काठिण्य सातच्या जवळ असतं. त्याहून कठीण खनिज घासलं की पांढरी रेघ दिसते, ती फरशीच्या चुऱ्याची. म्हणून कस आधी आणि काठिण्य नंतर, असा क्रम लावला तर गोंधळ होतो, उलट करा.

"सोनं सापडलं" या आरोळीचा निकालही इथेच लागतो. नदीच्या वाळूत सोनेरी चमकणारे कण बहुतेक वेळा झिजलेल्या अभ्रकाचे असतात. सुईने टोचले तर पापुद्रा सुटतो, पाण्यात हेलकावे खात बसतो. कोळशाच्या थरात दिसणारे पितळी ठोकळे पायराइटचे. पायराइट काचेला ओरखडतं, ठोकलं की भुगा होतो, रेघ हिरवट काळी. सोनं नखाइतकंच मऊ, ठोकलं की चपटं होतं, रेघ सोनेरीच.

दोन काठिण्यांचा दगड

भंडारा जिल्ह्यातच दहेगाव-पिंपळगाव भागात कायनाइट सापडतं. निळसर, लांबट पात्यांसारखे स्फटिक. त्याच्या पात्यावर लांबीच्या दिशेने चाकू ओढा, ओरखडा पडतो. तिथे काठिण्य पाचच्या आत. त्याच पात्यावर आडवा ओढा, चाकू घसरतो. तिथे साडेसहा ते सात. एकाच दगडाची दोन उत्तरं येतात आणि दोन्ही बरोबर असतात, कारण त्यातले अणू एका दिशेला साखळीने बांधलेले आहेत आणि साखळ्यांमधले बंध तितके मजबूत नाहीत. काठिण्य दिशेवर अवलंबून असतं हे बाकी खनिजांतही थोडंफार खरं आहे, पण चाकूने जाणवण्याइतकं इथेच. निळ्या पात्याच्या दगडावर हे दिसलं की ओळख पक्की.

तीर्थक्षेत्रातल्या दुकानांत मिळणारी स्फटिकाची माळ हा याच ज्ञानाचा व्यावहारिक उपयोग. खरा स्फटिक म्हणजे क्वॉर्ट्झ, आणि नकली बहुधा काच. मण्याने काचेच्या तुकड्यावर ओढून बघता येतं: क्वॉर्ट्झ ओरखडा पाडेल, काच काचेवर घसरेल. दुकानदार अर्थातच हे करू देणार नाही. मग भिंग काढा आणि आत गोल बुडबुडे शोधा. असतील तर काच. गालाला लावल्यावर क्वॉर्ट्झ जास्त वेळ गार लागतं, पण हे दोन्ही एकत्र असताना तुलना करूनच कळतं.

काही ठिकाणी मात्र ही सगळी हत्यारं खाली ठेवावी लागतात. स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि नॅट्रोलाइट ही तिन्ही झिओलाइटं सुयांची, तिन्ही पांढरी, काठिण्य जवळपास एकच. स्टिल्बाइट आणि स्टेलेराइटचंही तसंच. यांना वेगळं करायला क्ष-किरण लागतात. तोवर डबीवर "सुयांचं झिओलाइट" एवढंच लिहा, आणि त्याखाली कोणत्या गावची खाण, बेसाल्टच्या कोणत्या प्रकारच्या पोकळीत, सोबत आणखी काय होतं, कधी उचललं. नाव पुढे केव्हाही दुरुस्त करता येतं. जागा एकदा विसरली की परत मिळत नाही, आणि विद्यापीठातल्या भूशास्त्र विभागात नमुना घेऊन गेलात तर पहिला प्रश्न तोच येतो.